लोणच्याच्या कव्हरातली यानं

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

नाजे,

पुस्तक आधी वाच, पत्र मागनं. तू उलटंच करणार हे मला ठाऊक आहे, पण सांगायचं काम माझं.

तुझा भाऊ आज काउंटरवर येऊन कुरकुरला. ‘ताई, नोकरीला कोल्हापुरात येतो म्हणून मी काय तुमचं टपाल हाय का? फोन करा की एकमेकींना.’ तोहिदला माझ्यातर्फे सांग, फोनवर माणूस ‘लय भारी हाय, वाच’ म्हणतो आणि विषय संपतो. का भारी, कुणाला भारी, कुठल्या पानापर्यंत दम धरायचा, हे हातानं लिहिल्याशिवाय सुचत नाही. कॉलेजच्या होस्टेलपासून आपण पुस्तकात पत्र घालून पुस्तक देतोय. त्याची पिशवी जड झाली म्हणून रीत मोडायची होय?

तर हे पुस्तक. कव्हरवर मी ‘वर्षभराची लोणची’ लिहिलंय. आतलं खरं नाव ‘गुरूच्या चंद्रावरची तलाठीण’. सगळा बर्फाचा चंद्र, तिथं वस्ती झालेली, आणि जमिनीची मोजणी करायला पृथ्वीवरून एक बाई पाठवलेली. गंमत अशी की बर्फ रोज सरकतो. काल ज्याचं घर त्याच्या जागेत होतं, ते आज शेजाऱ्याच्या हद्दीत. भांडणं, मारामाऱ्या, आणि ही बाई टेप घेऊन उभी. सुरुवातीला नुसता बर्फ आणि आकडे आहेत, तू कंटाळशील. दम धर. पुढे ती मोजणीच बंद करते, तिथं मला काटा आला.

कव्हरं अजून घालतेस का म्हणून विचारलंस. घालते! तुला काय, हातकणंगल्यात स्टेशनाजवळ स्वतःचं स्टेशनरीचं दुकान. मी ग्रंथपाल आहे तालीम मंडळाच्या माडीवरच्या वाचनालयात. खाली पोरं फुटबॉलचे बूट झाडतात, वर आमचे अध्यक्ष गुंडूतात्या. आमची दूधवाली आक्का पहिल्यांदा परग्रहाचं पुस्तक घेऊन जिना उतरत होती, तर तात्या सगळ्यांदेखत म्हणाला, ‘काय आक्का, म्हशी सोडून आता यान हाकणार काय?’ सगळी माडी हसली. आक्का बरेच दिवस फिरकली नाही. तेव्हापासून ही युक्ती. खाकी कव्हर, वर पाककलेचं लेबल, आणि पुस्तकं विज्ञानकथांच्या कपाटातून उचलून गृहशास्त्राच्या कपाटात. आता पेठेतल्या बायका उजळ माथ्यानं नेतात. तात्याच विचारतो, ‘वहिनी, आज कुठलं लोणचं?’ आणि आम्ही गालातल्या गालात हसतो. फसवला की नाही?

एक नवी वाचक मिळालीय. नाव आत्ता सांगत नाही. बिद्रीकडची पोरगी, बी.एस्सी. झालेली, लग्न होऊन पेठेत आलीय. घरात टीव्ही भिंतीएवढा आणि पुस्तक एक नाही. तलाठीण तिनं तीनदा नेली. तिला पुढचं काय देऊ? विचार करून सांग, पहिल्या दोन पुस्तकांत वाचक टिकतो नाहीतर जातो.

तुझी,
संयोगिता


हातकणंगले
१९ जानेवारी

संयू,

पत्र आधी वाचलं. करशील काय?

तलाठीण वाचली. बर्फ सरकतो ती कल्पना झकास. शेवट गुळमुळीत. सगळे गळ्यात गळे घालतात, असं कुठल्या गावात झालंय? आमच्या गल्लीत गटारीवरून दोन घरं पिढीजात बोलत नाहीत. शिवाय मी दुकानात दुपारी मोठ्यानं वाचते, अम्मी लसूण सोलत ऐकतात. माझ्या सासूबाईंना तू ओळखतेस, इमामबी म्हणजे काही साधं प्रकरण नाही. मधेच म्हणाल्या, ‘ते सगळं राहू दे, त्या चंद्रावर भाकरी कोण थापतंय?’ मी पुस्तक उलटंपालटं केलं. खरंच, त्या आख्ख्या वस्तीत कोण काही रांधतच नाही! जेवणाची गोळी घेतात आणि भांडायला मोकळे. अम्मी म्हणाल्या, लिहिणाऱ्यानं कधी ताट धुतलेलं नसणार. ह्यापेक्षा चांगली समीक्षा तू मला दाखव.

नव्या मुलीला ‘दर्यातली कोठी’ दे, सोबत पाठवतेय. समुद्राच्या तळाशी जगातलं सगळं बियाणं साठवलेलं, राखायला एकटी बाई. वर काय उरलंय तिला माहीत नाही. दार ठोठावायचा आवाज येतो, आणि उघडायचं का नाही ह्यावर सगळी कादंबरी. बर्फाच्या गोष्टी तुला आवडतात, मला अशा आवडतात, जिथं एका माणसाला ठरवावं लागतं. तिलाही आवडेल असं वाटतं. तीनदा एकच पुस्तक नेणारी मुलगी काहीतरी ठरवत असते.

आणि कव्हर घालू नकोस. खाकी कागद माझ्याच दुकानातला जातो हे मला कळतं, म्हणूनच बोलते. तात्याला फसवलं म्हणून हसता, पण हसतोय कोण? तो बायकांना लोणच्यावरून चिडवतोय आणि तुम्ही मान डोलावताय. त्याच्या मनात होतं ते तुम्ही स्वतःच्या हातानं चिकटवून दिलंत. मी दुकानात उघडं पुस्तक घेऊन बसते. गिऱ्हाईक हसतं. हसू दे की. झेरॉक्स काढायला माझ्याकडंच येतंय.

नाजिया


शिवाजी पेठ
९ फेब्रुवारी

नाजे,

घात झाला. माझ्याच तोंडानं झाला.

वाचनालयात स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका करायचं ठरलं. चांगली गोष्ट आहे, माझा विरोध नाही. कमिटीत तात्या म्हणाला, जागा पाहिजे, कुठलं कपाट रिकामं करू? मी आपली शहाणी! पटकन म्हणाले, ‘पाककलेची जुनी पुस्तकं काढा की, कोण उघडून बघतंय?’ माझ्या मनात होती ती खालच्या फळीवरची, कसर लागलेली खरी पाककला. अगं, इतकी वर्षं झाली, माझ्या डोळ्यांना ती लेबलं दिसेनाशीच झालीत. खाकी कव्हर म्हणजे आपली यानं आणि बिनकव्हराचं म्हणजे लोणचं, हेच डोक्यात पक्कं. हे जगात दुसऱ्या कुणाला माहीत नाही, हे त्या घडीला सुचलंच नाही.

मी भाचीच्या साखरपुड्याला बिद्रीला गेलते. मागं तालमीची पोरं आली आणि पाककला लिहिलेलं एकूण एक पुस्तक पोत्यात भरून रद्दीला घालून मोकळी झाली. मी येऊन कपाट उघडते तर काय? खालच्या फळीवर लेबल गळालेली खरी लोणची तशीच बसलेली, आणि वर सगळं ओकंबोकं. एक एक पुस्तक मी माणूस बघून निवडलेलं होतं गं. कुणाला कुठलं लागू पडेल ते माझ्या हाताला पाठ होतं.

रद्दीवाला लक्ष्मीपुरीतला ख्वाजा. धावत गेले. भला माणूस आहे. म्हणाला, ‘ताई, माल मंडळाचा. मंडळाची चिठ्ठी आणा, आत्ता देतो. पण महिनाअखेरीला गाडी भरती, मग माझ्या हातात न्हाय.’

मी युक्ती काढलीय. तात्याला सांगणार, बायकांची पाककलेची चांगली पुस्तकं चुकून गेली, परत आणायला चिठ्ठी द्या. तो हसत सही करेल. पुस्तकं आली की पुन्हा कपाटात, कुणाला काही कळायचं नाही. तू रागावशील. रागाव. मला पुस्तकं पाहिजेत.

आज सोबत पुस्तक नाही. द्यायला उरलंय काय?

संयोगिता


हातकणंगले
११ फेब्रुवारी

संयोगिता,

पूर्ण नाव लिहिलंय, त्यावरून समज.

लोणच्याच्या नावावर रद्दीत गेली आणि लोणच्याच्याच नावावर परत आणणार? शाब्बास! पुढच्या खेपेला पुन्हा जातील आणि तू पुन्हा साखरपुड्याला गेलेली असशील. होस्टेलवर रेक्टरनं माझं पुस्तक काढून घेतलं, तेव्हा तिच्या दारात बसून ‘पुस्तक दिल्याशिवाय उठणार नाही’ म्हणणारी मुलगी कुठं गेली गं? ती मुलगी भित्री नव्हती. तिच्यामुळं मी वाचत राहिले.

सरळ सभेत उभी राहा आणि सांग. आम्ही बायका विज्ञानकथा वाचतो. ही ही पुस्तकं, ही ही नावं. शिफारस करायची तर तोंडानं कर, चारचौघांत कर. पुस्तक चांगलं आहे हे फक्त माझ्या कानात सांगून काय उपयोग? तुला कुणाची भीती? पगार कापतील? नवरा घराबाहेर काढेल? तुझा नवरा तर स्वतः यानाची चित्रं काढून देतो लेबलाच्या मागं.

तू भित्री झालीस एवढंच मला दिसतंय. पुस्तक सोबत पाठवत नाही. कव्हरात गुंडाळशील.

नाजिया


शिवाजी पेठ
१३ फेब्रुवारी

नाजिया,

भित्री म्हणालीस ना? ऐक आता.

तात्याकडं गेले होते. तो हसला आणि म्हणाला, ‘लोणचं आता बायका मोबाईलवर बघून घालत्यात. एवढंच वाटत असंल तर तेवीस तारखेला सर्वसाधारण सभा हाय, तिथं मांडा.’ झालं. आता लोणच्यासाठी सभेत भांडायचं कसं? लोणच्यासाठी माझ्या तोंडातनं जोर तरी येईल का? तू म्हणतेस ते खरं निघालं, पण म्हणून तू म्हणशील ते सगळं खरं नव्हे.

खरं बोलले तर पहिला प्रश्न येणार, कोण कोण नेत होतं? आणि त्यात एक नाव निघणार. ती नवी मुलगी. तिचं नाव स्नेहल. ती तात्याची सून आहे.

आता कळलं का? त्या घरात ती लोणच्याचं पुस्तक वाचते म्हणून तात्या गावभर कौतुक सांगत फिरतो. ‘आमची सून शिकलेली, तरी घरातलं शिकायची हौस बघा.’ लग्नाला वर्ष नाही झालं. पुढं शिकायचं म्हणाली होती, तेव्हा ‘बघू’ म्हणाले आणि बघितलंच नाही. दुपारी घर झोपतं तेवढा वेळ तिचा, आणि त्या वेळात ती तुझी दर्यातली कोठी वाचत होती. मला म्हणाली, ‘ताई, तिनं दार उघडू नये असं वाटतंय, आणि उघडावं असंपण वाटतंय.’ तेवढं बोलताना तिचा चेहरा तू बघायला पाहिजे होतास. तो वेळ मी माझ्या तोऱ्यासाठी सभेत जाळू? सासऱ्याची चारचौघांत फजिती झाली तर भोगायचं कुणी? मी घरी येऊन चहा पिणार, तू हातकणंगल्यात दुकान उघडणार.

पुस्तकं गेली तर गेली. मी रडून घेईन. हे पत्र कागदाच्या पाकिटात पाठवतेय, कारण पुस्तक नाही.

संयोगिता


हातकणंगले
२० फेब्रुवारी

संयू,

भित्री म्हटलं ते परत घेते. बाकीचं घेत नाही.

मी काल कोल्हापुरात येऊन गेले, तुला कळवलं नाही. ख्वाजा माझ्या आईच्या नात्यातला, लांबचा मामू लागतो. लक्ष्मीपुरीत त्याच्या गोडाऊनमध्ये गेले. म्हटलं, मामू, खाकी कव्हरची पुस्तकं कुठायत? तर मामू म्हणाला, ‘कव्हरं काढली की. खाकीचा ढीग येगळा, छापील कागदाचा येगळा. आमच्या धंद्यात एकत्र चालत न्हाय.’ सगळी पुस्तकं उघडी, रांगेनं रचलेली. यानं, चंद्र, डोळे मिचकावणारी यंत्रं, सगळं चव्हाट्यावर. मामूनं मला एक उचलून दाखवलं आणि विचारलं, ‘नाजिया, ह्यात लोणचं कुठं हाय गं? मी शोधून दमलो.’ इतकी हसले मी! आणि मग रडायलाच आलं. ती कव्हरांशिवाय किती देखणी दिसत होती, संयू.

तेव्हा लपवायचं आता काही उरलेलं नाही. मामू म्हणतो, गाडी येईपर्यंत ढिगाला हात लावू देणार नाही.

आता स्नेहलचं. तिच्या घरात काय होईल ह्याची तुला काळजी, ती खरी आहे. मी घाईत बोलले. पण एक विचारते, तू तिला विचारलंस का? तिनं काय वाचावं, किती वाचावं, कुणाला सांगावं, हे तात्या ठरवतो म्हणून तू चिडतेस. आणि तिनं घाबरावं का नाही, ते तू ठरवलंस. तिच्यावतीनं भिऊन टाकलंस. बी.एस्सी. झालेली मुलगी आहे ती, पुस्तकाचं कपाट नव्हे, कव्हर घालून ठेवायला.

तिला विचार. ती ‘नको’ म्हणाली तर मी तोंड शिवून बसेन, पुस्तकं गाडीत चढली तरी. अम्मीची शपथ.

नाजिया


शिवाजी पेठ
२४ फेब्रुवारी

नाजे,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

विचारलं मी तिला. शनिवारी दुपारी ती आली, रिकाम्या कपाटासमोर उभी राहिली. मी सगळं सांगितलं, कव्हरं निघाली तेही. म्हटलं, तू नको म्हणालीस तर मी गप्प बसते. तिनं ‘सभा किती वाजता?’ एवढंच विचारलं आणि गेली. मला रात्रभर कळेना, ह्याचा अर्थ हो का नाही.

रविवारी माडी भरलेली. अभ्यासिकेचा विषय निघाला तशी मी उठले. म्हटलं, अभ्यासिका करा, खुर्च्या लावायला मी येते. पण जी पुस्तकं रद्दीत गेली ती पाककला नव्हती. विज्ञानकथा होत्या. कव्हरं मी घातली, कारण ह्या माडीवर बायकांना त्यावरून हसलं गेलं. आता हसायचं त्यांनी हसून घ्यावं आणि आमची पुस्तकं परत आणायला चिठ्ठी द्यावी.

हसले की! मागनं कोण तरी म्हणालं, ‘ह्या वयात उडत्या तबकड्या?’ तशी आक्का उठली. दुधाचा रतीब घालून थेट आलेली, पदर खोचलेलाच. ‘व्हय, मी वाचतो. पहाटं म्हशी पिळतो आणि दुपारी वाचतो. तुम्ही पिकल्या केसांनी मॅचला शिट्ट्या मारतासा, पंचाच्या अंगावर धावून जातासा, त्ये चालतंय. मी एक पुस्तक वाचलं की माडी हसती. का म्हणून? सांगा की एकानं तरी.’ मग शेजारच्या दोघी उठल्या, मग आणखी. माझ्याकडनं नेणारे वाचक मला ठाऊक होते, पण एका खोलीत उभे राहिलेले मी पहिल्यांदा बघत होते.

तात्याचा चेहरा लाल. पण सभा हातातनं जातेय हे त्याला कळलं, आणि तो एकदम मऊ झाला. हात वर करून म्हणाला, ‘बास, बास. मी काय राक्षस हाय का? ह्यातलं सगळ्यात चांगलं एक पुस्तक मला द्या. मी सोता वाचतो. मला पटलं तर कपाट जाग्यावर. मग तर झालं?’ टाळ्या पडल्या. आणि नाजे, खोटं कशाला सांगू, मी हुरळले! इतक्या वर्षांत तात्यानं माझ्याकडं पुस्तक मागितलं! मनात फळ्याच्या फळ्या धावल्या. तलाठीण द्यावी का? नको, सुरुवात जड. कोठी द्यावी? ह्या माणसाला कुठलं लागू पडेल? मी तोंड उघडणार एवढ्यात मागनं आवाज आला.

‘ताई, देऊ नका.’

स्नेहल. जिन्याजवळ, डोक्यावरचा पदर नीट करत. सगळी माडी वळली. तात्याला वाटलं, सून बाजूनं बोलायला उठली. म्हणाला, ‘हां, बोल बाळ.’

ती म्हणाली, ‘तात्या, मी घरात वाचत होते ती हीच पुस्तकं. लोणचं मला आईनं शिकवलंय, त्याला पुस्तक लागत नाही. तुम्ही एक वाचणार, तुम्हाला पटलं तर आमची राहणार, नाही पटलं तर जाणार. मग ती आमची कुठं झाली? तुम्हाला पटावी म्हणून आम्ही वाचत नाही. आम्ही वाचतो, म्हणून ती राहिली पाहिजेत. तुम्हाला वाचायचं असलं तर काउंटरवर या. ताई सगळ्यांना देतात, तुम्हालापण देतील.’

शेवटचा शब्द संपेपर्यंत ती खाली बसली नाही. आणि मला माझीच लाज वाटली बघ. मी तर निवडायला लागले होते!

तात्यानं फाईल मिटली. ‘सभा तहकूब,’ म्हणाला आणि जिना उतरून गेला. उतरताना सुनेकडं बघितलं नाही. मतदान नाही, ठराव नाही, काही नाही. मग आम्हीच बसलो. मी चिठ्ठी लिहिली, ‘वाचनालयाची पुस्तकं परत द्यावीत,’ आणि खाली सभासद म्हणून सगळ्या बायकांनी सह्या केल्या. आक्कानं पहिली. स्नेहलनं पूर्ण नाव लिहून, सासरचं आडनाव लावून. तशाच लक्ष्मीपुरीत गेलो. ख्वाजानं चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणाला, ‘मंडळ म्हंजे सभासदच की. न्या.’ त्याच्याच टेम्पोतनं आणली. आम्ही पेठेतनं चालत मागनं, एकेक पुस्तक हातात, चित्रं बाहेरच्या बाजूला. पानाच्या टपरीवरची गर्दी बघत राहिली. बघा म्हटलं, डोळे भरून बघा.

आज कमिटीचं पत्र आलंय मला, खुलासा द्या म्हणून. देते की खुलासा! बसते आता लिहायला, चांगला लांबलचक. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आहे आणि ती मी देणार नाही.

तुझी खाकी कागदाची गिऱ्हाईक संपली. दुसरी शोध.

संयोगिता

ता. क. स्नेहलला घरी काय झालं ते मला माहीत नाही. ती आली नाही. जीव टांगणीला लागलाय.


शिवाजी पेठ
९ मार्च २०२५

नाजियाताई,

आपण भेटलो नाही. संयोगिताताई म्हणाल्या, नियम असा आहे की पुस्तक द्यायचं तर पत्र घालून द्यायचं. म्हणून लिहितेय. पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं नावही माहीत नसताना तुम्ही मला दर्यातली कोठी पाठवलीत. मुदत वाढवायला ती परत आणून दिली होती, कव्हरासकट पोत्यात गेली तेव्हा माझी वाचून व्हायची होती. परत आणल्यावर ताईंनी सगळ्यात आधी तीच काढून माझ्या हातात दिली. तिनं दार उघडलं ते मला पटलं, पण तिनं फार विचार केला. इतका विचार करायला तिला वेळ कुणी दिला, असं सारखं वाटत राहिलं.

सोबत पाठवतेय ते पुस्तक ‘जोड-सूर्य’. दोन सूर्यांचा ग्रह आहे, तिथं रात्र होतच नाही, आणि झोपायचं कधी ह्याचा कायदा केलेला आहे. एक बाई कायदा मोडून जागी राहते. मधलं युद्धाचं प्रकरण सोडलंत तरी चालेल, लेखकाला ते लिहायचं नव्हतं असं वाटतं. पण ती बाई जागी राहून काय काय बघते, ते अजिबात सोडू नका. ही माझी पहिलीच शिफारस. आवडलं नाही तर स्पष्ट लिहा, मी भांडेन.

ताई काळजी करतात, म्हणून घरचं सांगते. मला कुणी मारलं नाही, बोललंही नाही. बोललं नाही, तेच. सभेपासून तात्या माझ्याशी एक अक्षर बोलत नाहीत. ताट वाढलं की जेवतात, ‘मीठ दे’सुद्धा सासूबाईंना सांगतात. सासूबाई मला म्हणाल्या, पाया पड, माफी माग, संपव. माझ्या मिस्टरांनीही तेच सांगितलं, हळू आवाजात. मी म्हटलं, पाया रोज पडते, आजही पडेन. माफी कशाची मागू? मग मला रडू आलं, खोटं नाही सांगत. मोरीत नळ सोडून रडले आणि तोंड धुऊन आले.

आज रविवार. दुपारी घर झोपलं तेव्हा मी नेहमीसारखी आतल्या खोलीत गेले नाही. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीत बसले, हे पुस्तक घेऊन. तात्यांना झोप लागली नसावी. ते बाहेर आले, खुर्चीत बसले. माझ्याकडं बघितलं, पुस्तकाकडं बघितलं. बाहेरनं ओळखीचे लोक जात-येत होते, खिडकीतनं दिसत होतं सगळं. मग ते बोलले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

‘आत जाऊन वाच,’ म्हणाले.

मी मान वर करून सांगितलं, ‘इथं उजेड चांगला हाय, तात्या.’

आणि पान उलटलं.

तुमची,
स्नेहल